घंगाळ गल्लीतले अष्टपुत्रे

वयाच्या सतराव्या वर्षी मी एका बासष्ट वर्षांच्या गृहस्थांना जन्म दिला. जनार्दन त्र्यंबक अष्टपुत्रे हे त्यांचं नाव. सरकारी नोकरीतून निवृत्त, पित्तप्रकृती, बाराही महिने गळ्याला मफलर आणि पत्नी सदा माहेरी. पुढे मी हौशी रंगभूमीवर पुष्कळ भूमिका केल्या. सासवा केल्या, राण्या केल्या, एकदा तर रेड्याचं मागचं अर्धं अंगही केलं. पण अष्टपुत्र्यांइतकं जिवंत पात्र माझ्या हातून पुन्हा घडलं नाही. ते इतके जिवंत झाले की त्यांना मताचा अधिकारसुद्धा मिळाला. तो कुणाचा काढून त्यांना मिळाला, त्याची ही हकिकत.

जुन्या नाशकात आमची घंगाळ गल्ली. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं खांदा तिरका करायचा, एवढी तिची रुंदी. आम्ही पिठाच्या गिरणीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायचो. गिरणी सुरू झाली की फडताळातले पेले आपापसात बोलायला लागायचे, आणि आई म्हणायची, "उठा, दळण पडलं." माझे वडील, नाना, पाट्या रंगवायचे. पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसवरचे वीस फुटी बोर्ड त्यांचे, आणि अंबडच्या कारखान्यांतल्या विजेच्या डब्यांवरच्या कवट्याही त्यांच्याच. आमच्या घरात फोडणीलाही टर्पेंटाइनचा वास असायचा. नाना दिवसाकाठी वीस-पंचवीस शब्द बोलत, तेही बहुतेक "ब्रश", "चिंधी" आणि "सावली सोड" असेच. त्यांचं सगळं बोलणं पत्र्यावर. खडू लावलेला दोरा ताणून त्याचा फटकारा मारायचा, पांढरी रेघ उमटवायची आणि त्या रेघेला अक्षरं लटकवायची. देवनागरीला शिरोरेघ आहे म्हणून जगात शिस्त आहे, असं त्यांना मनापासून वाटायचं.

गिरणीखेरीज गल्लीला आणखी दोन आवाज होते. भांड्यांच्या दुकानांतली ठोक्यांची ठणठण हा एक. दुसरा समोरच्या घरातला, उस्मानचाचा पिंजाऱ्याच्या कमानीचा. पुरुषभर लांबीची ती कमान, तिला ताणलेली तात, आणि तातीवर लाकडी ठोकळ्याचा घाव: तंय्य, तंय्य, तंय्य. जुन्या गादीतला दगड झालेला कापूस तातीवर आला की पाहता पाहता ढग व्हायचा. चाचांच्या भुवयांवर बारा महिने बर्फ पडलेलं. त्यांची बायको हमीदाखाला गाद्या शिवायला बसायची, आणि सुई दातात धरूनही तिला बोलता यायचं, भांडता तर त्याहून चांगलं यायचं. आईचं आणि तिचं भांडण रोजचं. आईनं खिडकीच्या गजांबाहेर फळीवर कुरडया वाळत टाकायच्या आणि चाचांनी कमान उचलायची. आई ओरडे, "अहो हमीदाबाई, तुमचा कापूस खायचा का आम्ही?" आणि खालून उत्तर येई, "तळा ना वहिनी, फुगंल चांगला!" गल्लीत मुसलमानाचं घर हे एवढं एकच. तसं कुणी मोजलं नव्हतं. मोजायची वेळ आली तेव्हा कळलं, एक.

दंगल कशावरून झाली ते मी सांगणार नाही. त्या वेळी गल्लीतल्या प्रत्येकाला ते पक्कं ठाऊक होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. आमच्या बाजूला ती तिसऱ्या दिवशी, भर दुपारी आली. त्याआधी सकाळीच चाचा-खाला दोन पिशव्या घेऊन मागच्या दारानं निघाले आणि मालेगावला खालाच्या भावाकडे गेले. जाताना खालाला कुलूप लावायचंही सुचलं नाही; गॅसवर दूध आहे तेवढं बंद करा, एवढंच आईला म्हणाली. घर मोकळं पडलं. गल्लीतल्या गणेश मंडळाचे अध्यक्ष भाऊशेठ, भांड्यांच्या मोठ्या दुकानाचे मालक, सरळ आमच्या जिन्यावर आले. घाम निथळत होता त्यांचा. "नाना, ते घर पेटलं तर सगळी गल्ली पेटंल. भिंतीला भिंत आहे. एक पाटी करा. आपल्यातली."

नानांनी तयार पत्रा घेतला, दोरा मारला आणि माझ्याकडे पाहिलं. नाव पाहिजे होतं. गल्लीतलं कुणाचं नको, ओळखीचं नको. का कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "अष्टपुत्रे." मला वाटलं, आठ मुलगे असलेल्या घरावर दगड टाकायला कोण धजेल? नानांनी वीस मिनिटांत पाटी केली. 'श्री. ज. त्र्यं. अष्टपुत्रे'. खाली छोटं कमळ काढायलाही विसरले नाहीत. घाईतही 'ष्ट' असा काढला होता की बघत राहावं. आईनं दाराला आंब्याचं तोरण लावलं आणि कुंकवानं स्वस्तिक काढलं. भाऊशेठनी आपल्या दुकानातलं भलंमोठं कुलूप आणून ठोकलं. मग ते लोक आले. पंधरा-वीस असतील. मी खिडकीतून पाहत होते. पुढचा थांबला, त्यानं पाटी वाचली, ओठ हलवून वाचली, आणि मागच्याला म्हणाला, "हे नाय. पुढचं बघ." पुढे आमची गल्ली संपते. तेव्हा ते परत फिरले आणि पलीकडच्या रस्त्यावरची दोन दुकानं त्यांनी जाळली. ती कुणाची होती, त्यांना कुणी पाटी करून दिली नव्हती का, हे विचारायचं त्या दिवशी कुणालाच सुचलं नाही. आम्ही आमच्या हुशारीवर खूश होतो.

महिनाभरानं सगळं शांत झालं. पोलीस ठाण्यात शांतता समितीच्या बैठका सुरू झाल्या. नाना पाट्यांमुळे सगळ्यांना माहीत, म्हणून समितीत घेतलेले. मी त्यांच्याबरोबर जायची, कारण बैठकीची हजेरी आणि वृत्तान्त लिहायला चांगल्या अक्षराचं कुणीतरी लागे. प्रत्येक बैठकीत चहा, क्रीमची बिस्किटं आणि शेवया. शेवया वाढत नसत, भाषणात असत. "आम्ही ईदेच्या शेवया खातो, ते आमच्या दिवाळीचा फराळ खातात." मी वृत्तान्तात आधीच 'शेवया' लिहून ठेवायची आणि वक्ता तिथवर पोचला की बरोबरची खूण करायची. आमच्या गल्लीचं उदाहरण तर दर बैठकीला. भाऊशेठ उभे राहत, छातीवर हात ठेवत आणि आपण सर्वांनी मिळून एका मुसलमान कुटुंबाचं घर कसं वाचवलं ते सांगत. टाळ्या पडत. मीही वाजवल्या आहेत.

पाटी मात्र तशीच राहिली. काढायची कुणी, हा प्रश्न. आज नको, जरा वातावरण निवळू दे. मग सण आला, मग निवडणूक येणार म्हणाले. दरम्यान अष्टपुत्रे आपल्या पायांवर उभे राहायला लागले. पोस्टमन नवा होता, त्यानं एका औषध कंपनीचं पत्रक त्यांच्या दाराच्या फटीत सारलं. मंडळाच्या पोरांनी पत्रिका वाटताना पाटी वाचून त्यांनाही पत्रिका टाकली. संक्रांतीला गल्लीत नव्यानं लग्न होऊन आलेली एक सून मला विचारायला आली, "अष्टपुत्रेकाकूंना हळदीकुंकवाला बोलवायचं होतं, त्या कधी येतात हो?" मी म्हटलं, "माहेरी असतात. त्यांचं यांच्याशी पटत नाही." ती हळहळली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! भाऊशेठनी त्या घरात मंडळाचे बांबू, ताडपत्री आणि गणपतीचा चौरंग ठेवायला सुरुवात केली. "कुलूप माझंच आहे, सुरक्षित राहतंय," म्हणायचे. कमानीचा आवाज बंद झाला होता. आईच्या कुरडया स्वच्छ वाळत होत्या, आणि ती कारण नसताना चिडचिड करत होती.

मग एक दिवस मतदारयादीवाले गुरुजी आले. घामेजलेले, काखेत फॉर्मांचा गठ्ठा, चप्पल तुटलेली. मी आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर अभ्यासाचं पुस्तक घेऊन, अर्थातच अभ्यास न करता, बसले होते. त्यांनी समोरच्या पाटीकडे बोट केलं.

"हे घरी नाहीत का?"

इथे मला 'हे नाहीतच' असं म्हणता आलं असतं. पण पाटी खोटी आहे हे परक्या माणसाला सांगायचं नाही, असं गल्लीचं ठरलेलं. ते एक कारण. दुसरं कारण मी इतकी वर्षं कुणाला सांगत नव्हते, आता सांगते: समोर प्रेक्षक होता.

"फिरायला गेलेत," मी म्हटलं. "पित्त आहे ना."

"पूर्ण नाव?"

"जनार्दन त्र्यंबक."

"वय?"

"बासष्ट. दिसत नाहीत."

"इथं यादीत जुनी नावं आहेत, उस्मान..."

"ते गेले," मी म्हटलं. इतकंच. ते गेले. गुरुजींनी पट्टी लावून दोन नावांवरून लाल रेघ ओढली आणि खाली माझा गृहस्थ लिहिला. मी त्यांना पाणी दिलं. जाताना म्हणाले, "हुशार आहेस. नाहीतर लोक धड माहिती देत नाहीत."

ही गोष्ट मी मंडळींत सांगते तेव्हा इथे हमखास हशा येतो. मी सगळे आवाज काढून दाखवते, गुरुजींची तुटकी चप्पलही चालवून दाखवते. हसू द्यावं लोकांना. मीही त्या दिवशी जिन्यावर एकटीच हसले होते.

दंगलीला आठ-नऊ महिने झाल्यावर, एका सकाळी, आमचा जिना वाजला. हमीदाखाला दारात. मागे दोन पायऱ्या खाली उस्मानचाचा, भुवया काळ्याभोर. तेव्हा पहिल्यांदा मला त्यांच्या भुवयांचा रंग कळला. आईनं खालाला आत ओढलं, दोघी रडल्या, आणि रडणं आटोपल्यावर खालानं पाण्याचा तांब्या खाली ठेवून विचारलं, "वहिनी, हा अष्टपुत्रे कोण आहे? मला भेटायचंय त्याला."

खाली गिरणी घरघरत होती, पेले वाजत होते.

"कचेरीत गेलो होतो. रेशन कार्ड नव्यानं पाहिजे, जुनं घरातच राहिलं. क्लार्क म्हणतो, या पत्त्यावर तुम्ही नाय, अष्टपुत्रे राहतात. यादी दाखवली त्यानं. आमच्यावर लाल रेघ. मी म्हटलं, अरे बाबा, माझं बाळंतपण त्या घरात झालं, माझी सासू त्या घरात मेली, हा अष्टपुत्रे कधी आला? तो म्हणाला, बाई, कागदावर ते आहेत, तुम्ही नाही." मग ती चाचांकडे वळली. "आपण खाली उभे राहून पाटी पाहिली, ना? अक्षर नानांचं आहे. तेवढं मला येतं वाचता."

नानांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला आणि तो धूत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. भाऊशेठना बोलावणं गेलं. ते आले, चाचांना मिठी मारली, आणि चहा घेता घेता तोडगाही काढला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कुठलीही गोष्ट हलवायला आवडत नसे. "चाचा, किल्ली आत्ता देतो. बांबू काढून घेतो. राहायला या. फक्त पाटी राहू द्या. यादीपण राहू द्या. कशाला उकरायचं? उद्या काय झालं तर पाटीच वाचवणार. कुणी विचारलं तर सांगा, अष्टपुत्र्यांचे भाडेकरू आहोत."

उस्मानचाचांनी बशीतला चहा संपवला. मऊ बोलणारा माणूस. "शेठ," ते म्हणाले, "ते घर माझ्या आज्यानं बांधलं. त्याच्यात मी, जो माणूस नाहीच, त्याचा भाडेकरू होऊ?"

"कागदावर हो, फक्त कागदावर."

"तो कागदावरच तर आहे," खाला म्हणाली. "आणि आम्ही कागदावरच तर नाय!"

शेवटी ठरलं की रविवारी शांतता समितीची बैठक आहे, तिथे साहेबांपुढे बोलू. ते चार दिवस मला जेवण गेलं नाही. खोटी माहिती दिली म्हणून पोलीस धरतील, कॉलेजातून काढतील, नाटकाच्या स्पर्धेत घेणार नाहीत. तिसरी भीती सर्वांत मोठी होती, हे नमूद करते.

रविवारी ठाण्याच्या आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. भाऊशेठ छातीवर हात ठेवून बोलले, शेवया झाल्या, आणि आज प्रत्यक्ष ते कुटुंबच हजर असल्यामुळे टाळ्या दुप्पट. साहेब, म्हणजे पोलीस निरीक्षक, म्हणाले, "उस्मानभाई, दोन शब्द बोला." चाचा उठले. "सगळ्यांचे उपकार आहेत," म्हणाले. "घर वाचलं. आता ते आम्हाला द्या." एवढं बोलून बसले. साहेबांनी समोरचा कागद पाहिला आणि गोंधळले. "पण या घरात तर अष्टपुत्रे राहतात ना? कुठे आहेत ते?"

भाऊशेठ म्हणाले, "ते... बाहेरगावी असतात."

मी वृत्तान्ताच्या वहीत 'बाहेरगावी' लिहिलं. आणि मग लक्षात आलं की आता हे सरकारी कागदावर दुसऱ्यांदा लिहिलं गेलं, आणि दोन्ही वेळा माझ्याच कृपेनं. मी उभी राहिले. आजवर शेकडो वेळा मी प्रेक्षकांपुढे उभी राहिले आहे. माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो, अशी माझी ख्याती. त्या दिवशी तो टेबलापर्यंतही जाईना.

"साहेब, अष्टपुत्रे नाहीत."

"बाहेरगावी आहेत, ऐकलं."

"नाही. मुळात नाहीत. मी केलेत ते."

"केलेत म्हणजे?"

"नाव मी काढलं. वय मी सांगितलं. पित्त पण मीच दिलं. गुरुजींना मीच म्हटलं की हे लोक गेले. ते गेले नव्हते साहेब, त्यांना जावं लागलं होतं."

कुणीतरी हसलं, मग थांबलं. भाऊशेठ खालच्या आवाजात म्हणाले, "विजू, बस खाली. लहान आहेस." साहेबांनी पेन खाली ठेवलं. "खोटी माहिती दिली म्हणून गुन्हा होतो, माहीत आहे?" मी मान हलवली. "लेखी देशील?" मी वही पुढे केली. माझं ते प्रसिद्ध अक्षर कोंबडीच्या पायांसारखं उमटत होतं. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नाना उभे होते. साऱ्या सभेत पहिल्यांदा आणि शेवटचं बोलले.

"पाटी माझी आहे. माझीपण सही घ्या."

मग गिरणीवाला उठला. मग, थोडं खोकून, इकडेतिकडे पाहून, भाऊशेठही. सह्या सात झाल्या. माझ्यावर गुन्हा झाला नाही. साहेबांनी दम मात्र असा भरला की अजून कुठलाही फॉर्म भरताना मला घाम फुटतो. लाल रेघ निघायला पुढे कितीतरी खेपा पडल्या. प्रत्येक खेपेला खाला मला बरोबर न्यायची आणि कारकुनापुढे उभी करून सांगायची, "हीच ती. हिलाच विचारा."

परवा माझ्या ओळखीच्या एका तरुण डॉक्टर मुलीसाठी मी कॉलेज रोडच्या बाजूला भाड्याचं घर शोधत होते. एजंटानं मुलीचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि मोठ्या आपुलकीनं म्हणाला, "मॅडम, काम होईल. अ‍ॅग्रीमेंट तुमच्या नावावर करू ना, पाटीपण तुमचीच लावू." अष्टपुत्रे अजून नाशकातच आहेत, तब्येत उत्तम आहे.

तर पाटी. ती उतरवायला गल्ली गोळा झाली होती. भाऊशेठनी स्वतः शिडी धरली. नाना म्हणाले, "हिच्याच पाठीमागे लिहून देतो." खालानं मान हलवली. "नको. वारा आला, पाटी फिरली, की तो पुन्हा बाहेर येईल." नाना हसले, असं फार वेळा घडत नसे. नवा पत्रा आला, दोरा ताणला गेला, फटकारा बसला. ब्रश बुडवून नानांनी विचारलं, "उर्दूत काढू का? अक्षर कुणीतरी लिहून दिलं तर बघून काढीन."

उस्मानचाचांनी विचार केला. "मराठीतच काढा," म्हणाले. "मोठं काढा. पोस्टमनला वाचता आलं पाहिजे." मग गल्लीच्या तोंडाकडे पाहत, अगदी शांतपणे, "आणि जे येतील, त्यांनाही."

नाना लिहीत राहिले. त्या पाटीत त्यांनी कमळ काढलं नाही, चंद्र काढला नाही, काहीच काढलं नाही. 'उस्मान गफूर पिंजारी. गाद्या भरून मिळतील.' अक्षरं हातभर उंचीची.

नंतरचे दहाएक दिवस आमची गल्ली त्या घराशी इतकी सभ्य वागली की अंगावर काटा यावा. जो तो वाकून नमस्कार करत होता. भाऊशेठ रोज विचारत, "काही त्रास नाही ना?" आई खिडकीत यायची, हसायची, आणि खालाही खालून पाहुण्यासारखी हसायची. कमान सुरू झाली होती, पण जपून, दारं लावून. तंय्य, आणि मग शांतता, जणू कुणाला राग आला का ते ऐकायला थांबलेली. अकराव्या दिवशी उकाडा फार होता. चाचांनी दार उघडलं असावं. आईनं त्याच सकाळी कुरडया घातल्या होत्या. मी जिन्यावर होते. कापसाचा एक मोठा ढग निवांतपणे वर चढताना मला दिसला, आणि मग वरून, वर्षभर दाबून ठेवलेला, गिरणीच्या वरताण आवाज फुटला:

"अहो हमीदाबाई! डोळे फुटले का तुमचे? सगळ्या कुरडया गेल्या माझ्या!"

कमान थांबली. दुकानांतली ठणठण थांबली. भाऊशेठ गल्ल्यावरून अर्धे उठले. खाला उंबऱ्यावर आली, वर पाहिलं, दातातली सुई काढली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मला काय सांगता वहिनी? अष्टपुत्र्यांचा असंल तो कापूस. त्यांनाच सांगा ना!"